पहिल्या अडथळ्यापर्यंतची आठ पावलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की शालेय स्पर्धांचं वेळापत्रक लागतं आणि माझा फोन वाजायला लागतो. पालक, पीटी सर, कधी स्वतः मुलं. बहुतेकांना अडथळा ओलांडायचा कसा हे विचारायचं असतं. व्हिडिओ पाठवा म्हटलं की पाठवतात, आणि त्यात दिसतं ते वेगळंच. अडथळ्यावर जे बिघडलंय ते अडथळ्यावर बिघडलेलंच नसतं. ते आधीच्या तेरा मीटरांत, बरेचदा ब्लॉक (सुटताना पायांनी रेटा द्यायचे तिरके ठोकळे) लावतानाच बिघडलेलं असतं. म्हणून हे सगळे प्रश्न एकदाच एका ठिकाणी लिहून ठेवतोय. मुलांची ११० मीटर आणि मुलींची १०० मीटर अडथळा शर्यत डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

माझी १०० मीटरची वेळ आमच्या तालुक्यात सगळ्यात चांगली आहे. तरी पहिल्या अडथळ्यावर मी मागे का पडतो?

फ्लॅट, म्हणजे बिनअडथळ्याच्या, १०० मीटरमध्ये तुझं दहावं पाऊल कुठे पडतं हे कोणी विचारत नाही. दोन इंच पुढे पडलं काय, मागे पडलं काय, काही बिघडत नाही. इथे मात्र आठवं पाऊल एका ठरलेल्या जागी पडावंच लागतं, कारण समोर लाकडी फळी उभी आहे. शिवाय फ्लॅटमध्ये तुम्ही वीस-पंचवीस मीटर वाकलेले राहून हळूहळू उभे होता. अडथळ्याच्या शर्यतीत ती चैन नाही. सहाव्या पावलापर्यंत, म्हणजे जेमतेम आठ मीटरांवर, कंबर वर आणि छाती जवळपास सरळ झालेली हवी.

वेगवान मुलं नेमकी इथेच फसतात. ती फ्लॅटसारखी खाली मान घालून सुटतात, पाचव्या-सहाव्या पावलाला मान वर करतात, अडथळा अंगावर आलेला दिसतो आणि शेवटची दोन पावलं चोरतात. चोरलेलं पाऊल म्हणजे ब्रेक. त्यांच्यापेक्षा सावकाश, पण ठरल्या पावलांनी आलेला मुलगा मग शेजारून निघून जातो.

१३.७२ मीटर हा कसला विचित्र आकडा?

इंग्रजांच्या यार्डांचा. पुरुषांची शर्यत मुळात १२० यार्डांची. पहिला अडथळा १५ यार्डांवर, पुढे दर १० यार्डांवर एक. १५ यार्ड म्हणजे १३.७२ मीटर आणि १० यार्ड म्हणजे ९.१४. शर्यत ११० मीटरची झाली तेव्हा शेवटच्या अडथळ्यापुढचं अंतर तेवढं वाढून १४.०२ झालं, बाकी मापं होती तिथेच राहिली. खुल्या गटातली १.०६७ मीटर उंचीही साडेतीन फुटांचीच.

मुलींची १०० मीटर त्या मानाने नवी. ऑलिंपिकमध्ये ती १९७२ साली म्युनिकला आली, त्याआधी ८० मीटर होती. म्हणून तिची अंतरं मीटरमध्ये सरळ आहेत : पहिला अडथळा १३ मीटरवर, मधली अंतरं साडेआठ, शेवटी साडेदहा. उंची खुल्या गटात ८३.८ सेंटिमीटर. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ९१.४ आणि मुलींसाठी ७६.२. अंतरं मात्र तीच. म्हणजे शाळेत बसवलेली पावलं मोठेपणी फुकट जात नाहीत.

दहा अडथळ्यांपैकी एकालाच इतकं महत्त्व कशाला? उरलेल्या नऊमध्ये भरून काढता येत नाही का?

थोडंफार येतं, फार नाही. दोन अडथळ्यांमध्ये तीनच पावलं टाकायची असतात आणि अंतरही ठरलेलं. पाय लांब टाकून तिथे वेग वाढवायला जागाच नाही. जे काही वाढवायचं ते पावलं झटपट टाकून. त्यामुळे पहिल्या अडथळ्यावरून तुम्ही ज्या वेगाने आणि ज्या तोलात उतरता, त्याच भांडवलावर पुढचा बराचसा धंदा चालतो. पहिल्याच अडथळ्यावर उंच उडी मारून धप्पकन उतरलात, तर दुसऱ्यापर्यंत तीन पावलं पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, आणि तिसऱ्याला चार पावलं पडतात. चार पावलं पडली की लीड लेग, म्हणजे अडथळ्यावरून आधी जाणारा पाय, बदलतो. मग शर्यत संपली म्हणा.

आठ पावलं की सात? यूट्यूबवर सगळे सात म्हणतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर जरा लांब.

पुरुषांच्या शर्यतीत वर्षानुवर्षं आठ पावलांचीच पद्धत होती. ब्रिटनच्या कॉलिन जॅक्सनने १९९३ मध्ये श्टुटगार्टला १२.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो आठ पावलांनी. चीनच्या लिउ श्यांगने २००६ मध्ये लोझानला १२.८८ केले, तेही आठनेच. मग क्यूबाचा डेरॉन रोबल्स सात पावलांनी धावायला लागला आणि २००८ मध्ये त्याने १२.८७ नोंदवले. पाठोपाठ लिउ श्यांगने पद्धत बदलली, अमेरिकेच्या डेव्हिड ऑलिव्हरनेही. एरिस मेरिटने २०१२ च्या हंगामाआधी आठावरून सातावर उडी घेतली. त्याच वर्षी त्याने लंडनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि सप्टेंबरमध्ये ब्रसेल्सला १२.८० चा विश्वविक्रम केला. तेव्हापासून ‘सात म्हणजे वेगवान’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आता गणित करून बघा. अडथळ्याच्या साधारण २.१ मीटर आधी टेक-ऑफ घ्यायचा (उडीसाठी जमीन सोडायची), म्हणजे रेषेपासून ११.६ मीटरवर शेवटचं पाऊल. हे अंतर सातमध्ये बसवायचं तर तिसऱ्या-चौथ्या पावलापासूनच पावणेदोन मीटरच्या आसपास लांबी लागते, आणि तीसुद्धा ढांगा न टाकता, जमिनीला रेटा देऊन. त्यासाठी उंची मदत करते, पण खरी गरज असते ब्लॉकमधल्या ताकदीची. मेरिट, ऑलिव्हर वगैरे मंडळी जिममध्ये किती वजन उचलत होती हे यूट्यूबवर कोणी सांगत नाही.

शाळा-कॉलेजातल्या मुलाने सात पावलं टाकायला घेतली की बहुतेक वेळा तो धावत नाही, उड्या मारत जातो. पाय शरीराच्या पुढे लांब पडतो, प्रत्येक पावलाला वेग खातो, आणि टेक-ऑफला पोचेपर्यंत हवा गेलेली असते. माझं मत स्पष्ट आहे : आठ पावलांत शेवटचं पाऊल दर वेळी कोंदत असेल, म्हणजे मुलगा अडथळ्याच्या फार जवळ जाऊन अडखळत असेल, आणि हे मापं नीट लावूनही दोन-तीन महिने टिकून राहिलं असेल, तरच सातचा विचार करा. तोही हंगाम संपल्यावर. मुलींनी तर करूच नये. जगातल्या जवळपास सगळ्या अव्वल महिला धावपटूसुद्धा १३ मीटरला आठच पावलं टाकतात.

ब्लॉकवर कोणता पाय पुढे?

मागच्या ब्लॉकवरचा पाय पहिलं पाऊल टाकतो. म्हणजे १, ३, ५, ७ ही पावलं मागच्या पायाची आणि २, ४, ६, ८ पुढच्या पायाची. आठ पावलांत आठवं पाऊल हाच टेक-ऑफ, म्हणून ज्या पायावरून उडता तो पाय पुढच्या ब्लॉकवर. लीड लेग मागे. सात पावलांत हे बरोब्बर उलटं होतं, आणि म्हणूनच सातावर जाणाऱ्याला अख्खा स्टार्ट नव्याने शिकावा लागतो.

नवीन मुलाचा लीड लेग ओळखायचा असेल तर त्याला काही सांगू नका. गुडघ्याएवढा अडथळा ठेवा आणि ‘पळत जाऊन ओलांड’ एवढंच म्हणा. चार-पाच वेळा जो पाय आपसूक पुढे जातो तो लीड लेग. बहुतेक मुलांचा उजवा जातो, आणि तीच मुलं फ्लॅटच्या स्टार्टलाही डावा पाय पुढे ठेवतात. त्यामुळे आठ पावलांचं गणित त्यांना आयतंच जुळतं.

ब्लॉक रेषेपासून किती लांब लावायचे?

सुरुवातीला पायाच्याच मापाने लावा : रेषेपासून दोन पायांवर पुढचं पेडल (ब्लॉकचा पाय टेकवायचा भाग), आणि त्यामागे एक ते दीड पायावर मागचं. इथून पुढे मुलागणिक बदल. ‘सेट’ला कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर, पुढचा गुडघा साधारण काटकोनात, मागचा त्याहून बराच उघडा, आणि दोन्ही टाचा पेडलवर दाब देत असलेल्या. टाच हवेत तरंगत असेल तर पहिला धक्का पायातच जिरतो.

एक बाब मात्र अडथळ्याच्या शर्यतीची खास आहे. पावलं थोडीशी कमी पडत असतील, म्हणजे टेक-ऑफ वीस सेंटिमीटर लांबून होत असेल, तर मुलाला ‘पावलं लांब टाक’ सांगण्याऐवजी अख्खा ब्लॉक पाच-सात सेंटिमीटर रेषेकडे सरकवून बघा. पाय लांब टाकायला सांगितलं की तो ढांगा टाकतो आणि नवीनच दुखणं सुरू होतं.

आठ पावलांची मापं द्या ना, फक्कीने खुणा मारायला.

देतो, पण ही माझ्या टेपवरची आहेत, दगडावरची रेघ नव्हे. रेषेपासूनचं अंतर मीटरमध्ये. मुलांसाठी : ०.६०, १.६५, २.९५, ४.४०, ६.००, ७.७५, ९.७०, ११.५५. शेवटच्या खुणेपासून अडथळा उरतो २.१७ मीटरवर. मुलींसाठी : ०.५५, १.५५, २.८०, ४.२०, ५.७५, ७.४५, ९.३०, ११.०५. इथे अडथळा उरतो १.९५ मीटरवर.

आकडे जरा वजा करून बघा. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लांब आहे, फक्त आठवं सोडून. ते सातव्यापेक्षा दहा सेंटिमीटर आखूड आहे. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

खुणा लावताना आधी टेक-ऑफची जागा ठरवा आणि तिथून मागे या. आपल्याकडे उलटं करतात. ब्लॉकपासून मोजत निघतात आणि शेवटी जे उरेल त्यात मुलाला कोंबतात. मुलगा बुटका असेल तर टेक-ऑफ १.९० वर आणा, काही बिघडत नाही. मग आधीची सात पावलं त्या हिशोबाने वाटून घ्या. पंधरा-वीस स्टार्ट खुणांवर करून घेतले की फक्की पुसून टाका. स्पर्धेत लेनमध्ये खुणा करता येत नाहीत, आणि खुणा बघत पळायची सवय लागलेला मुलगा खुणा नसल्या की आंधळा होतो.

मान कधी वर करायची?

पहिली तीन पावलं अडथळा विसरा. नजर जमिनीवर, दोन-तीन मीटर पुढे. चौथ्या पावलापासून डोकं पाठीच्या कण्यासोबत आपोआप वर यायला लागेल, तसं येऊ द्या. पाचव्या-सहाव्याला नजर अडथळ्याच्या वरच्या कडेवर. सातव्याला तिथून पुढे, दुसऱ्या अडथळ्याच्या दिशेने.

एकदम झटका देऊन मान वर केली की कंबर खाली बसते. आणि कंबर बसली की मुलगा अडथळ्यावरून जात नाही, अडथळ्यावर चढतो. आमच्याकडे एक मुलगा होता, त्याला मी महिनाभर ‘कंबर वर, कंबर वर’ ओरडत होतो. काही उपयोग होत नव्हता. मग एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी सांगितलं, त्याला सांग की सहाव्या पावलापासून तू स्वतःच्या उंचीपेक्षा दोन इंच उंच आहेस. एवढ्यावर काम झालं. शब्दांचा खेळ आहे सगळा, काय लागू पडेल सांगता येत नाही.

ते शेवटचं आखूड पाऊल काय प्रकरण आहे?

या पानावरचा एकच परिच्छेद वाचणार असाल तर हा वाचा.

सातवं पाऊल शर्यतीतलं तोवरचं सगळ्यात लांब. आठवं त्याहून थोडं आखूड आणि फार झटपट. पाय शरीराच्या पुढे न टाकता जवळजवळ कमरेखाली आणायचा, चवड्यावर, आणि टेकला रे टेकला की सोडायचा. यामुळे दोन गोष्टी होतात. वजन पायाच्या पुढे झुकतं, म्हणून धक्का वर न जाता पुढे जातो. आणि लीड लेगचा गुडघा वर यायला आधीच सुटलेला असतो.

मुलं स्वभावतः नेमकं उलटं करतात. अडथळा दिसला की लांब उडीसारखं शेवटचं पाऊल खाली दाबतात आणि वर उसळतात. फळीवर फूटभर हवा दिसते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि मुलगा जमिनीवर उशिरा येतो. हवेत असताना कोणीच वेग घेऊ शकत नाही. अडथळा घासून गेलात तरी चालेल, फक्त लवकर खाली या.

सराव सोपा आहे. अडथळा बाजूला ठेवा, सातव्या आणि आठव्या खुणेवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या टाका, चालत चालत ‘लांब-टप्’ असा ताल पकडायला लावा. मग जॉगिंगच्या वेगाने. मग लीड लेगचा गुडघा उचलून. अडथळा शेवटी. ताल कानाने पकडू द्या, मोठ्याने म्हणायला लावा. मुलं लाजतात, पण म्हणायला लावा.

टेक-ऑफ नेमका किती लांबून?

खुल्या गटातल्या पुरुषांचा २ ते २.३० मीटरच्या दरम्यान असतो, महिलांचा दोनाच्या आसपास. एकूण उडीच्या अंतरातला बराच मोठा भाग अडथळ्याच्या अलीकडे, छोटा पलीकडे. तुमच्या मुलाचं उलटं दिसत असेल, म्हणजे जवळून उडतोय आणि लांब जाऊन पडतोय, तर तो उंच उडी मारतोय. अडथळा कमी करा, टेक-ऑफची खूण मागे घ्या.

माझ्या मुलीला नऊ पावलं लागतात. काय करू?

ती किती वर्षांची आहे? बारा-तेरा असेल तर काहीही करू नका, म्हणजे ओढाताण करू नका. पहिला अडथळा १२ मीटरवर आणा, उंची ६० सेंटिमीटर करा, आणि आठ पावलांत मजेत जाऊ दे. महिन्याला वीस-तीस सेंटिमीटर मागे सरकवत न्या. अंतर मुलीपर्यंत आणायचं, मुलीला अंतरापर्यंत ओढायचं नाही.

वय सोळा आणि तरीही नऊ पडत असतील, तर पहिली तीन पावलं बघा. शंभरातल्या नव्वद वेळा गडबड तिथे असते : ब्लॉकमधून बाहेर पडताना ती पाय चटचट खाली टाकते, ढकलत नाही. ब्लॉकशिवाय उभ्याने पुढे पडून स्टार्ट, टेकडीच्या चढावर दहा-दहा मीटर, उभ्याने लांब उडी, मागे टायर बांधून हलका ओढ. सहा आठवड्यांत पाऊल सापडतं.

भीतीचं काय? स्टार्ट चांगला होतो आणि सहाव्या पावलाला ती थांबतेच.

भीती खरी असते, तिला हसू नका. गुडघा एकदा फळीवर आपटला की शरीर ते विसरत नाही. आम्ही पीव्हीसी पाइपच्या दोन खुंट्यांवर नुसती आडवी पट्टी टेकवतो, पाय लागला की पडते. काही मुलांसाठी इलॅस्टिकची दोरी. आधी अडथळ्याच्या शेजारून आठ पावलं पूर्ण वेगात, मग फक्त ट्रेल लेग (मागून येणारा पाय) अडथळ्याच्या कडेवरून, मग मधून.

आणि एक गोष्ट दर वेळी तपासा : अडथळ्याचे तळपाय धावपटूच्या बाजूला हवेत, म्हणजे धक्का लागल्यावर तो पुढे कोसळतो. उलट्या बाजूने त्यावरून पळू देऊ नका, तो पडत नाही, पाडतो. मैदानावर दोरीने बांधलेले, गंजून आखडलेले अडथळे असतील तर त्यांच्यावर पूर्ण वेगाने सराव नको.

आमच्याकडे मातीचं मैदान आहे, ब्लॉक नाहीत. सिंथेटिकवर जाऊन पळायचं कसं?

अशी मुलं दरवर्षी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात येतात आणि पहिल्यांदा ब्लॉक बघतात. त्यांची खरी अडचण ब्लॉक नसते. सिंथेटिकवर पाऊल जास्त उसळतं, तीच पावलं लांब पडतात, आणि आठवं पाऊल अडथळ्याच्या पोटात जातं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ट्रॅक मिळाला तर चार स्टार्ट घ्या, ब्लॉक पाच सेंटिमीटर मागे घेऊन बघा. तेवढ्याने भागतं.

रोजच्यासाठी सुताराकडून तिरके दोन ठोकळे करून घ्या, लांब खिळ्यांनी जमिनीत ठोका. मागे एकाने पाय देऊन उभं राहायचं. मातीला कमी लेखू नका. भारताचे गुरबचन सिंग रंधावा १९६४ साली टोकियो ऑलिंपिकच्या ११० मीटर अडथळ्यांत पाचवे आले, तेव्हा ट्रॅक सिंथेटिक नव्हता, सिंडरचाच, म्हणजे कोळशाच्या राखेचा, होता.

सुधारणा होतेय हे कळणार कसं? स्टॉपवॉचवर दर वेळी वेगळं येतं.

स्टॉपवॉच ठेवून द्या, मोबाइल घ्या. पहिल्या अडथळ्याच्या रेषेत, दहा-बारा मीटर बाजूला, स्टँडवर, २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, तेवढ्यात तर सगळा फरक निघून जातो. २४० मध्ये एक फ्रेम चार हजारांश सेकंदाची. हात जमिनीवरून सुटल्यापासून लीड लेग अडथळ्यापलीकडे टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. स्टार्ट फ्रेममध्ये येत नसेल तर दुसऱ्याचा फोन लावा, पण दोन्हींचा आवाज जुळवून घ्यावा लागेल.

जगातले अव्वल पुरुष आणि महिला दोघंही गनपासून साधारण अडीच सेकंदांत पहिल्या अडथळ्यापलीकडे पाय टेकवतात. हात सुटल्यापासून मोजलेल्या आकड्यात रिअ‍ॅक्शनचा वेळ धरलेला नसतो, म्हणून तुमच्या आकड्याची तुलना त्यांच्याशी नको. आपल्याच मागच्या आठवड्याशी करा. कनिष्ठ गटातल्या मुलाने एका हंगामात दहा शतांश कमी केले तर पेढे वाटा.

अडथळा पडला तर बाद करतात का?

पळताना पाय लागून पडला तर नाही. मुद्दाम हाताने पाडला, किंवा पाय अडथळ्याच्या बाहेरून फळीच्या उंचीखालून गेला, किंवा शेजाऱ्याला अडथळा केलात, तर बाद. २०११ च्या देगू जागतिक स्पर्धेत रोबल्स पहिला आला होता. पण शेजारच्या लेनमधल्या लिउ श्यांगला त्याचा हात लागला म्हणून त्याला बाद ठरवलं, सुवर्ण जेसन रिचर्डसनला गेलं.

आणि पहिलाच अडथळा काय करू शकतो, याची आठवणही लिउ श्यांगचीच आहे. लंडन २०१२, पहिली फेरी. पहिल्याच अडथळ्यात पाय अडकला, खाली कोसळला, टाचेची शीर तुटलेली. एका पायावर लंगडत शेवटपर्यंत गेला आणि शेवटच्या अडथळ्याचं चुंबन घेतलं. तो क्षण मी आजही मुलांना दाखवत नाही, त्यांना भीती बसते.

फॉल्स स्टार्टची धास्ती वाटते. गनच्या आवाजाचा अंदाज घेऊन सुटलं तर?

नको. २०१० पासून पहिल्याच फॉल्स स्टार्टला बाहेर. मोठ्या स्पर्धांत ब्लॉकला सेन्सर असतात आणि गननंतर ०.१०० सेकंदाच्या आत हललात तर तो फॉल्स स्टार्ट. २०२२ च्या युजीन जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या डेव्हॉन ॲलनची रिअ‍ॅक्शन ०.०९९ निघाली. एका सहस्रांशाने घरी गेला, आपल्याच प्रेक्षकांसमोर.

आपल्याला जवळची गोष्ट हांगचौची. ऑक्टोबर २०२३, आशियाई खेळ, महिलांची १०० मीटर अडथळे. शेजारच्या लेनमधली चीनची वू यान्नी गनच्या आधी सुटली आणि तिच्या हालचालीवर आपली ज्योती याराजीही सुटली. दोघींना थांबवलं, मैदानावरच वाद, शेवटी दोघींना पळू दिलं. तिसरी आलेली ज्योती नंतर वूला बाद केल्यावर दुसरी ठरली, १२.९१ सेकंदांत रौप्य. निकाल बरा लागला, पण दहा मिनिटं तो पंचांच्या हातात होता. ‘सेट’नंतर नजर खाली आणि कान गनवर ठेवायचे. शेजारणीची हालचाल डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसते, म्हणून सरावात मी मुद्दाम शेजारी एकाला उभा करून गनआधी हलायला सांगतो. पहिल्या आठवड्यात सगळे फसतात.

आठवड्यात किती वेळा स्टार्ट करायचे?

दोनदा, अंग ताजं असताना, आणि एका वेळी आठ-दहांहून जास्त नाही. पहिले तीन-चार एका अडथळ्यावर, मग दोन, मग तीन अडथळ्यांपर्यंत. नुसत्या एका अडथळ्याचा सराव केला की मुलगा त्यावरून उतरून थांबायला शिकतो. मधे तीन-चार मिनिटं पूर्ण विश्रांती. दमलेल्या पायांनी केलेले वीस स्टार्ट म्हणजे चूक घोटून पाठ करणं.

वारा असेल तर?

मागून जोराचा वारा असेल तर पावलं किंचित लांब पडतात. ब्लॉक दोन-तीन सेंटिमीटर मागे, त्याहून जास्त नको. समोरून वारा असेल तर ब्लॉकला हात न लावता पहिली तीन पावलं जास्त ढकला.

४०० मीटर अडथळ्यांना हेच लागू पडतं का?

नाही. तिथे पहिला अडथळा ४५ मीटरवर, पावलं वीस-बावीस, तीही वळणावर. तो वेगळाच संसार आहे.

महाराष्ट्रातून या शर्यतीत कोणी पुढे गेलंय का? मुलं विचारतात.

गेलंय की. मुंबईचा सिद्धांत थिंगालया, २०१७ मध्ये १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम. तो मे २०२४ मध्ये फिनलंडला आपल्या छत्रपती संभाजीनगरकडच्या तेजस शिरसेने मोडला, १३.४१. भिंतीवर लावायला परदेशी पोस्टर शोधायची गरज नाही.

स्पर्धेच्या दिवशी काय लक्षात ठेवू?

ब्लॉकची मापं वहीत लिहून घेऊन जा आणि स्वतःची टेप किंवा गाठी मारलेली दोरी खिशात ठेवा. स्पर्धेच्या ठिकाणी टेप मागत फिरणाऱ्या मुलाचा वॉर्म-अप तिथेच संपतो. वॉर्म-अपमध्ये दोन स्टार्ट अडथळ्याच्या शेजारून, दोन एका अडथळ्यावर, एक दोन अडथळ्यांवर. बस.

लेनमध्ये गेल्यावर ब्लॉक लावून एक स्टार्ट घ्या, आणि परत येताना आपला पहिला अडथळा बघून या. तो खुणेवर आहे का? सिंथेटिकवर ११० मीटरच्या खुणा निळ्या आणि १०० मीटरच्या पिवळ्या असतात. उंची बरोबर आहे का? मुलींच्या शर्यतीनंतर घाईत एखादा अडथळा खालच्याच खाचेत राहिलेला मी दोनदा पाहिलाय, एकदा तर लेन चारमध्ये पहिलाच. असं दिसलं तर लाजू नका, हात वर करून पंचांना सांगा. ‘ऑन युवर मार्क्स’च्या आधी.